अकराव्या मजल्यावरचा डबा

आमच्या आईला अमेरिकेतल्या पहिल्या दोन वर्षांत फक्त दोन मैत्रिणी होत्या, आणि त्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. हे वाक्य मी परवा तिला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "असं नको लिहूस ग, मीच लावालावी केली असं वाटते." तिने लावालावी केली नव्हती असं छातीठोकपणे काही मला सांगता येत नाही, म्हणून वाक्य तसंच ठेवलं आहे.

जर्सी सिटीतल्या त्या उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की शेजारी शेजारी तीन दारं होती. मधलं आमचं. बाबा सकाळी सातच्या ट्रेनने मॅनहॅटनला जायचे, पाठोपाठ मी शाळेत, आणि मग आई दिवसभर एकटी. नागपुरात ती शाळेत शिकवायची. चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या भुवईने गप्प करायची तिची ख्याती होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती आणि इंग्रजी पुस्तकातलं असल्यामुळे दुकानात उपयोगी पडत नव्हतं. पहिले काही महिने ती हीटरशी बोलायची. तो हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा, शिट्टी मारायचा, मध्येच गप्प व्हायचा. मी शाळेतून आले की आई सांगायची, "आज हा दुपारभर कुरकुरत होता." मला त्याची तेव्हा लाज वाटायची. आता मी आईच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढे गेले आहे आणि माझ्या डिशवॉशरशी भांडते, तेव्हा तिची आठवण येऊन एकटीच हसत बसते.

डाव्या दारात आराक्सी आजी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, चालायला चार पायांचा वॉकर, नाकावर जाड चष्मा आणि आवाज असा की खालून जाणारी ट्रेन थांबावी. त्या आर्मेनियन होत्या. आर्मेनिया नकाशात कुठे असतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी "रशियाच्या खाली कुठेतरी" असं सांगून वेळ मारून नेली होती. उजव्या दारात नेरमिन मावशी, चाळिशीची, गोरी, गोल, नवरा बेकरीत कामाला आणि एकुलता मुलगा तिकडे तुर्कस्तानात शिकायला ठेवलेला. त्यामुळे तिच्या हाताला कुणाला तरी खाऊ घालायची सतत खाज असायची आणि पंधरा वर्षांची मी आयती शेजारी सापडले होते. तिच्या भाषेत आईच्या बहिणीला वेगळा शब्द आहे आणि तोच ओळखीच्या बायकांनाही वापरतात, हे कळल्यावर आईला इतका आनंद झाला की तिने त्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं. "आंटी म्हणजे काय, कुणीही आंटी होते," आई म्हणाली. "ही आपल्यातली आहे."

मैत्री जमली ती डब्यांमुळे. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगात असतंच. काही नसलं तर चार साखरेचे दाणे टाकायचे, पण रिकामा नाही. आईने पहिल्या दिवाळीला दोन्ही दारांत चकल्या पाठवल्या. आराक्सी आजींकडून डबा परत आला तो वेणीसारखा वळलेला गोड पाव घेऊन. त्यात अंडं होतं. आम्ही अंडं खात नव्हतो, पण केकमधलं चालायचं, म्हणून पावातलंही चालवून घेतलं. नेरमिन मावशीकडून द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला. आईला वाटलं, आपल्याला परतफेड करणारी माणसं भेटली. त्यांच्याकडेही भांडं रिकामं पाठवणं अपशकुनाचंच मानत होते. आता तीन घरांत हा एकच नियम असला तर डबे थांबणार कसे? ते थांबलेच नाहीत. मी शाळेतून येऊन दप्तर टाकायची आणि डबे पोचवायला निघायची.

त्यातला मुख्य डबा म्हणजे आईच्या लग्नात तिच्या मामाने दिलेला कडीचा स्टीलचा डबा. त्यावर भांड्याच्या दुकानदाराने ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि. सौ. कां. शैला हिस मामाकडून सप्रेम भेट.' दोघींनीही हे काय लिहिलंय म्हणून विचारलं होतं. आईने दोघींना एकच उत्तर दिलं, "माय नेम. माय अंकल. मॅरेज." दोघींनीही अक्षरांवरून बोट फिरवून मान डोलावली होती.

एवढं गोड सगळं चाललेलं, पण आजी आणि मावशी मात्र एकमेकींना पाहिलं की भिंत व्हायच्या. म्हणजे आजी व्हायच्या. लिफ्ट उघडली आणि आत मावशी असली की आजी वॉकर मागे घ्यायच्या आणि पुढची लिफ्ट येईपर्यंत उभ्या राहायच्या, गुडघे दुखत असले तरी. मावशी खाली मान घालून निघून जायची. आईने यावर पुष्कळ विचार केला आणि तिच्या अनुभवाप्रमाणे निष्कर्ष काढला. तळघरातल्या लाँड्रीत चार ड्रायर होते आणि त्यातला एकच कपडे धड वाळवायचा. एकदा आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की आजींचे ओले कपडे वर काढून ठेवलेत आणि आत मावशीचे फिरतायत. "बस," आई म्हणाली. "नळावरचं भांडण आहे हे. आमच्या नागपूरच्या बिल्डिंगमध्ये दोन बाया अशाच बारा वर्षं बोलल्या नव्हत्या." आणि तिने समेटाचं काम हाती घेतलं. आजींच्या दारात जाऊन ती म्हणाली, "नेरमिन गुड. ड्रायर, शी सॉरी." आपण असं सॉरी म्हटलंय हे मावशीला माहीतही नव्हतं. आजींनी चष्मा वर सरकवला. "व्हॉट ड्रायर?" त्यांनी विचारलं. आईने घरी येऊन सांगितलं की म्हातारी फारच पक्की आहे, विषय काढू देत नाही.

मग ती चतुर्थी आली. आईचा उपास, बाबांचं जेवण ऑफिसात, घरात साबुदाण्याच्या खिचडीचा एक कण उरलेला नाही, आणि ओट्यावर आजींच्या पावाचं रिकामं भांडं दोन दिवस बसून आईकडे बघतंय. आजींची तब्येत त्या दिवसांत बरी नव्हती. रविवारी येणाऱ्या त्यांच्या मुलाने लिफ्टमध्ये सांगितलं होतं की आपली आई जेवणाला हातच लावत नाही. आईने फ्रिज उघडला. आत नेरमिन मावशीने आदल्या दिवशी दिलेली भरली वांगी होती. ती आपल्यासारखी ताजी नव्हेत. छोटी वांगी पोखरून, दोऱ्यात ओवून उन्हात वाळवलेली, मावशीच्या स्वयंपाकघरात तोरणासारखी लटकायची. गरम पाण्यात फुलवून त्यात दलिया, लसूण, पुदिना आणि सुमाक नावाची आंबट तांबडी भुकटी भरायची. सुमाक म्हणजे चवीला आपल्या आमसुलाची सख्खी बहीण. आईने सहा वांगी मामाच्या डब्यात घातली, आजींचं भांडं वर ठेवलं आणि मला पिटाळलं. मी म्हटलं, "आई, धिस इज सो राँग, हे मावशीचं आहे." ती म्हणाली, "नागपुरात दिवाळीला जोशांकडच्या करंज्या तू कुलकर्ण्यांकडे नेऊन दिल्यास तेव्हा काही राँग नव्हतं?" मी डबा उचलला.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात आराक्सी आजी. इतक्या दिवसांत त्या आमच्या दारापर्यंत कधी आल्या नव्हत्या. ओठाला तेल लागलं होतं आणि डोळे ओले होते. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. आता आईने काय सांगायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मला कळतं, तिलाही कळत होतं. पण दुसऱ्याकडून आलेलं पुढे ढकललं हे कबूल करणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं, आणि शिवाय नागपूरची बाई, भरली वांगी हा तिचा प्रांत. ती म्हणाली, "मी."

आजींनी तिचे दोन्ही हात धरले आणि हातांचं चुंबन घेतलं. "माझ्या आईचं," त्या म्हणाल्या. "माझी आई गेली त्यानंतर मी हे खाल्लं नाही. पुढच्या गुरुवारी परत करशील?"

तिथून आमच्या घराची जी काही सर्कस सुरू झाली तिला तोड नाही. दर गुरुवारी आजींना वांगी हवीत, आणि वांगी करणारी बाई उजव्या दारात. आईने मावशीला सांगितलं की आमच्या मुलीला तुझी वांगी फार आवडतात, तिला दुसरं काही नको असतं. मावशीला स्वर्ग दोन बोटं उरला. ती डझनाने करायला लागली. वर मला समोर बसवून चार खायला लावायची आणि मग बाकीची डब्यात भरून द्यायची. मी तट्ट फुगून घरी यायची, आई तो डबा माझ्या हातातून घेऊन पुन्हा माझ्याच हातात द्यायची आणि मी डावं दार ठोठावायची. तिकडे आजी म्हणायच्या, "तुझ्या आईने इतकी मेहनत केली, तू पण एक खा," आणि मी पाचवं खायची. येताना आजींचा पाव मिळायचा, तो मावशीच्या भांड्यात जायचा, कारण ते रिकामं कसं पाठवणार? मावशी पाव हुंगून म्हणायची, "शायला, इंडियात पण महलेप घालतात?" महलेप म्हणजे रानचेरीच्या बियांतला मगज. आई बेधडक "येस, येस" म्हणायची. बाबा संध्याकाळी कोट काढता काढता विचारायचे, "आज बॉर्डरवर काय हालचाल?" आणि आम्ही तिघं हसून हसून लोळायचो. मी त्या घरात इतकी आनंदात पुन्हा कधी राहिले असेन असं वाटत नाही. आजींचा मुलगा एका रविवारी आमच्याकडे आला, आईला फुलं दिली आणि म्हणाला की आपली आई जेवायला लागली आहे, डॉक्टर खूश आहेत. आईने ती फुलं आपल्याला दिसणार नाहीत अशी आतल्या खोलीत ठेवली.

त्या सुमारास शाळेत आम्हाला शेजारच्या एका वयस्कर माणसाची मुलाखत घ्यायला सांगितली. मी अर्थातच आराक्सी आजींकडे गेले, टेपरेकॉर्डर घेऊन. त्या संत्रं सोलत होत्या. मी पहिला प्रश्न विचारला, तुमचं कुटुंब मूळचं कुठलं. "आयन्ताब," त्या म्हणाल्या. "आता तुर्कस्तानात आहे. माझी आई तिथून निघाली तेव्हा नऊ वर्षांची होती. निघाली म्हणजे काढलं. पहिल्या महायुद्धात तिथल्या सरकारने आम्हा सगळ्या आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढलं आणि वाळवंटाकडे चालत पाठवलं. आमच्या घरातली सात माणसं निघाली. अलेप्पोला दोन पोचली. आई आणि तिची मावशी." संत्र्याची साल त्यांनी एका लांब पट्टीत काढली, तुटू दिली नाही. "ते म्हणतात असं काही झालं नाही. युद्ध होतं, दोन्हीकडची माणसं मेली म्हणतात. माझा मोठा मामा अकरा वर्षांचा होता. तो कुठलं युद्ध लढत होता?" मग त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं आणि म्हणाल्या, "लिहून घे. टेपवर भरवसा ठेवू नकोस."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे ड्रायर नव्हता."

"नाही आई."

"आणि मी आजींना त्या बाईच्या हातचं खाऊ घालून राहिली."

बाबा म्हणाले, सांगून टाक. आई म्हणाली, कुणाला? आजींना सांगितलं तर त्या खाणं सोडतील. मावशीला सांगितलं तर तिला वाटेल तिचं अन्न मी चोरून वाटतेय. या देशात मला दोन माणसं आहेत, दोन्ही जातील. बाबांना काही सुचलं नाही. मी मात्र पंधरा वर्षांची असल्यामुळे मला सगळंच सुचत होतं. मी दुसऱ्या दिवशी मावशीला सरळ विचारलं की आर्मेनियन लोकांचं तुमच्याकडे काय झालं होतं. ती चहाचे ग्लास मांडत होती. "आमच्या शाळेच्या पुस्तकात तसं नव्हतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून शेगडी पुसायला लागली. शेगडी स्वच्छच होती. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदाच काही खायला दिलं नाही.

आम्ही काहीच न ठरवता तसंच रेटलं असतं, पण आजींनी फर्मान काढलं. त्यांचा नाताळ जानेवारीत असतो. त्यासाठी त्यांना ही वांगी स्वतः करायची होती. "मी गुरुवारी चार वाजता तुझ्या किचनमध्ये येते," त्या आईला म्हणाल्या. "तू कर, मी बघते. बघितलं की माझ्या हातांना आठवेल." आईला घाम फुटला. बुधवारी ती मावशीकडे शिकवणीला गेली आणि वहीत लिहून आली, पाणी किती, दलिया किती, वाळवलेल्या वांग्यांची एक माळ सोबत. रात्री जेवताना ती तोंडातल्या तोंडात पाठ म्हणत होती. बाबा म्हणाले, "बी. एड. च्या परीक्षेला पण एवढी घाबरली नव्हतीस."

गुरुवारी चार वाजता आजी आल्या आणि ओट्याजवळच्या खुर्चीत जजसारख्या बसल्या. आईने वांगी फुलवली. इथपर्यंत ठीक. मग तिने सारण कालवायला घेतलं आणि तिच्या हाताने, तिला न विचारता, गोड्या मसाल्याच्या बरणीकडे झेप घेतली. मी खोकले. तिने हात मागे घेतला. आई भरायला लागली, आणि भरली वांगी भरायची तिची जन्माची सवय, ठासून, तोंडापर्यंत. दलिया शिजताना फुगतो हे ती विसरली. मग तिने ती पातेल्यात उभी लावली, तोंडं उघडी. आजींच्या कपाळावर आठी पडली. "शायला," त्या हळूच म्हणाल्या, "दर गुरुवारी तू असंच करतेस?"

आणि बेल वाजली. मी दार उघडलं. नेरमिन मावशी, हातात एक जाड ताटली. "ही द्यायची राहिली," ती म्हणाली. "वर दाब ठेवला नाही तर सगळी उघडतात." मी दारात आडवी उभी राहायला हवं होतं. राहिले नाही, उलट सवयीने बाजूला झाले. ती सरळ शेगडीपाशी गेली, पातेल्यात पाहून "ओ, शायला, शायला" करत एक वांगं उचललं, थोडं सारण काढून टाकलं, कड आत दुमडली आणि अंगठ्याने दाबून अर्धा वळसा दिला. तोंड मिटलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

आजी तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी एक शब्द विचारला, इंग्रजीत नाही. नंतर मला कळलं की तो तुर्की होता. त्यांच्या आईच्या गावचे आर्मेनियन घरी तुर्कीच बोलायचे, आणि आई गेल्यापासून आजींनी ती भाषा तोंडातून काढली नव्हती. त्यांनी विचारलं होतं, तू कुठली? मावशी म्हणाली, "आन्तेप." आयन्ताब आणि आन्तेप एकच गाव, जुनं नाव आणि नवं, एवढं माझ्याही डोक्यात तिथल्या तिथे जुळलं. आजी उठल्या. वॉकरचे चार पाय आमच्या फरशीवर वाजत गेले, दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, आणि मग त्यांचं दार बंद झालं. मावशीने आईकडे पाहिलं, कट्ट्यावर मामाचा डबा उघडा वाट बघत होता. दर गुरुवारची वांगी कुणाकडे जात होती ते तिला समजलं. "मी तिच्यासाठी केलं असतं," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर मी केलं असतं. माझं अन्न काय लपवून द्यायची वस्तू आहे?" आणि तीही गेली. आईने त्याच दिवशी थोडी वांगी डब्यात भरून आजींच्या दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या दारात होता. घासून लख्ख केलेला, पुसलेला, कडी लावलेली. आईने उघडला. रिकामा. अमेरिकेत आल्यापासून ती रडली नव्हती, हीटरशी बोलत होती तेव्हासुद्धा नाही. तो रिकामा डबा मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून रडले, कारण त्यात माझा वाटा काही कमी नव्हता.

संध्याकाळी ती माफी मागायला गेली. मी तिला इंग्रजी वाक्यं घोकून दिली होती. आजींनी दार उघडलं आणि आईची सगळी वाक्यं हवेत गेली. तिने अखंड मराठीत माफी मागितली, पाच मिनिटं, लाज कशी वाटली, फुलं कशी बोचली, सगळं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर आजींनी हात वर केला. "नको, कळलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला सांग, वांग्यावरून खोटं बोलली ते मी जेवणाच्या वेळेपर्यंत विसरेन. पण माझी आई मरेपर्यंत एकाच गोष्टीसाठी थांबली होती. त्यांच्यातल्या एकाने म्हणावं, हो, झालं. सरकारने नाही, सरकार गेलं खड्ड्यात. एका माणसाने. दारात उभं राहून." एवढं बोलून त्यांनी दार लावलं, पण जोरात नाही.

हे मी मावशीला लिफ्टमध्ये सांगितलं. अकरा मजले उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, धापा टाकत, तिच्याकडे न बघता. खाली दार उघडलं, मी बाहेर पडले, ती आतच उभी राहिली. दार बंद झालं आणि लिफ्ट तिला घेऊन परत वर गेली.

पुढचे दहा दिवस आमच्या घरात नुसतं आईच्या हातचं जेवण होतं आणि ते कुणालाच गोड लागत नव्हतं. बाबा कपाट उघडून आजींचा पाव शोधायचे. अकराव्या दिवशी दुपारी मावशी आली, आत बसली नाही, आईला म्हणाली, "तो स्टीलचा डबा दे." आईने दिला. तासाभराने ती आपल्या दारातून बाहेर आली, स्वच्छ ब्लाउज, केस विंचरलेले, हातात डबा. मी दारात होते. तिने मला हाताने खुणावलं, चल म्हणून. मला वाटतं एकटीने बेल दाबायचा तिला धीर नव्हता. बेल मीच दाबली.

आजी आल्या. मावशी उंबऱ्याबाहेर उभी राहून तुर्कीत बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती मध्ये कुठेच थांबत नव्हती. काय म्हणाली ते तिने मला नंतर सांगितलं. तिचे वडील तांबट होते. त्यांच्या गल्लीत एक दगडी घर होतं. दरवाजाच्या कमानीवर काही अक्षरं कोरलेली, कुणाला वाचता येत नसत. त्या घरापुढून जाताना वडील आवाज खाली करायचे आणि म्हणायचे, ह्याला मालक आहे. घरात तर दुसरेच लोक राहत होते. लहानपणी तिने विचारलं, कुठे आहे मालक? वडिलांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "पुस्तकात नव्हतं," तिने आजींना सांगितलं, "पण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. झालं होतं ते. तुम्हाला काढलं होतं."

वॉकरवरचे त्यांचे हात पांढरे पडले होते. मग त्यांनी एक हात सोडला, डबा घेतला, कडी उघडली, एक वांगं उचलून तिथेच उभ्या उभ्या चावलं. त्या काहीतरी म्हणाल्या. त्यातला मला एकच शब्द कळला, सुमाक. मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडता रडता हसायला लागली. "ती म्हणते," मला म्हणाली, "सुमाक कमी पडलंय." आजी आत वळल्या होत्या. "आत या," त्या इंग्रजीत, माझ्यासाठी, ओरडल्या, "दार उघडं ठेवलं की हीटिंग बाहेर जातं."

त्यानंतर आईचा डबा आम्हाला दिसलाच नाही. तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत राहिला, मधलं दार गाळून. आई महिनाभर कॉरिडॉरमध्ये कान देऊन असायची. "मी जुळवलं आणि मलाच वगळलं," ती बाबांना म्हणायची, आणि तोंडावरचा आनंद काही केल्या तिला लपवता येत नव्हता. दोघी भांडायच्यासुद्धा. भिंतीतून आवाज यायचे, कधी सुमाकवरून, कधी इतिहासावरून, आणि एकदा तर खरोखरच ड्रायरवरून. आई तो दिवस अजून सांगते.

पुढे बाबांची नोकरी बदलली आणि आम्ही टेक्सासला, प्लेनोला आलो. मोठं घर, गाड्या, शेजारचं दार गाडीने जावं इतकं लांब. काही वर्षांनी मावशीचा फोन आला. आराक्सी आजी गेल्या होत्या, झोपेत. आजींच्या मुलाने घर आवरताना तो डबा मावशीला दिला होता. मी फोन स्पीकरवर ठेवला. मावशी आईला म्हणाली, "शायला, तुझा डबा माझ्याकडे आहे. पोस्टाने पाठवायचा तर रिकामा पाठवता येत नाही, आणि काय भरू ते मला सुचत नाही."

"राहू दे तुझ्याकडेच," आई म्हणाली. तिचं इंग्रजी तोवर सुधारलं होतं, पण हे तिने मराठीतच म्हटलं. मी ते मावशीला इंग्रजीत सांगितलं.

"बरं," मावशी म्हणाली. "वरची अक्षरं इथे कुणालाच वाचता येत नाहीत. लोक विचारतात, हे काय लिहिलंय. मी सांगते, ह्याला मालक आहे."